पाय मुरगळल्यावर हलवायचा कधी, किती आणि कसा: पहिल्या दिवसापासून पांडवलेणीच्या पायऱ्यांपर्यंत

तीन वर्षांपूर्वी श्रावणात नाशिकची पांडवलेणी उतरताना माझा उजवा पाय मुरगळला. पाऊस नुकताच थांबला होता आणि पायरीची कड ओली होती. तळपाय आत वळला, घोट्यात 'कट्' असं काहीतरी वाजलं, आणि इंदिरानगरला घरी पोहोचेपर्यंत घोटा सुजून टम्म झाला. एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. मग मी पाय उशीवर ठेवला आणि पाच आठवडे तिथून जवळपास हलवलाच नाही. सासूबाई, शेजारच्या काकू, ऑफिसातले लोक सगळे मायेने एकच सांगत होते, "पाय अजिबात टेकवू नकोस."

पाच आठवड्यांनी सूज उतरली होती, पण पाय माझा वाटत नव्हता. मांडी घालून बसता येईना, उकिडवं तर लांबच. शिवणाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी डावीपेक्षा दोन सेंटिमीटरने बारीक भरली. पोटरीला मार लागलेला नव्हता. नुसत्या पडून राहण्याने ती उतरली होती. पुन्हा नीट चालायला मला आणखी तीन महिने लागले.

मागच्या वर्षी जिन्यावर डावा पाय मुरगळला. या वेळी फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी बोटं हलवायला लावली, आणि सातव्या आठवड्यात मी पांडवलेणी चढून उतरले. दोन दुखापती अगदी सारख्या नसतात हे मला मान्य आहे. तरी दोन्ही वेळचा फरक मी स्वतः भोगला आहे, म्हणून पहिल्यांदाच पाय मुरगळून बसलेल्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते. उदाहरण घोट्याचं आहे, कारण तोच सगळ्यात जास्त मुरगळतो. मनगट, पाठ आणि ओढल्या गेलेल्या स्नायूंबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

आधी ठरवा: हे घरी हाताळायचं आहे का?

१९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी एक साधी कसोटी तयार केली. कोणाला एक्स-रे हवा आणि कोणाला नको, हे ठरवायला ती आजही जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे हाडाचे उंचवटे आहेत, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर बोटाने दाबा, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत. तसंच करंगळीच्या सरळ रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड हाताला लागतं त्यावर, आणि पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबा. यांपैकी कुठे हाडावरच ठणका उठला, किंवा मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढा. लंगडत टाकलेली चार पावलंही चालतात.

कसोटी न लावता सरळ दवाखाना गाठायची कारणं वेगळी आहेत: पाय वाकडा दिसतोय, बोटं बधिर किंवा गार पडली आहेत, जखम उघडी आहे. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी ही कसोटी स्वतः लावू नये, कारण दुखणं हीच तिची खूण आहे आणि ती त्यांना नीट कळत नाही. लहान मुलं आणि हाडं ठिसूळ झालेले वृद्ध यांनाही डॉक्टरांनाच दाखवा.

गावाकडे अजून हाड बसवणाऱ्याकडे नेण्याची पद्धत आहे. त्याला पाय ओढू देऊ नका, पिळू देऊ नका. फाटलेला लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट पट्टी, ओढून बसत नाही, आणि हाडाला चीर असेल तर ती सरकू शकते. आंबेहळदीचा किंवा रक्तचंदनाचा लेप घरच्यांना लावायचाच असेल, त्वचा फाटलेली नसेल आणि चुरचुरत नसेल, तर लावू द्या. फक्त त्यावर घट्ट पट्टी बांधून आठवडाभर पाय हलवायचा नाही, हा भाग ऐकू नका.

हलवल्याने नेमकं काय होतं

हे समजलं की पुढचे व्यायाम कंटाळवाणे वाटत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तळपाय आत वळून पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा, पुढचा लिगामेंट ताणला जातो किंवा फाटतो. पहिले काही दिवस तिथे सूज येते. ती सूज म्हणजे शरीराने सुरू केलेलं साफसफाईचं काम. मग काही आठवडे शरीर तिथे कोलॅजेनचे नवे धागे टाकतं. घाईघाईने टाकलेले हे धागे वेडेवाकडे, गुंत्यासारखे पडतात. येवल्याला पैठणीच्या मागावर ताणा धरलेला तुम्ही पाहिला असेल. धागे ताणून सरळ धरले नाहीत तर पुढचं विणकाम होतच नाही. घोट्यातही तसंच आहे. रोजच्या हालचालीचा बेताचा ताण पडला की नवे धागे ताणाच्या दिशेने लागतात आणि पट्टी मजबूत होते. ताणच पडला नाही तर गुंता तसाच राहतो. शेवटी धागे पक्के होण्याचं काम कित्येक महिने, कधी वर्षभरही चालतं.

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यातलं वंगण दाबलं आणि सोडलं गेलं की त्यातूनच तिला पोषण मिळतं, आणि हे दाबणं-सोडणं हालचालीने होतं. पोटरी दर आखडण्याबरोबर पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलते. ती थांबली की सूज रेंगाळते. खूप दिवस पडून राहिल्यास पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. पोटरी एकाएकी सुजून गरम, दुखरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

चौथी गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. लिगामेंटमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात आणि पाऊल कसं पडलं आहे ते ती मेंदूला कळवत असतात. लिगामेंटबरोबर तीही दुखावतात. म्हणून दुखणं थांबल्यावरही पाय 'दगा देतो' आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. यावरचा उपाय तोलाचे व्यायाम.

पहिले दोन-तीन दिवस: जपायचं, पण गाडून ठेवायचं नाही

आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ही चौकडी अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे बरं होणं लांबू शकतं. म्हणून माझं मत असं की बर्फ दुखणं कमी करायला वापरा. फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पुरे. बर्फाने घोटा लवकर भरून येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर पोटरीकडे गुंडाळत जा. खाली घट्ट, वर थोडं सैल. नखं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडून पुन्हा बांधा. झोपताना पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर राहील इतक्या उशा ठेवा. या दिवसांत गरम शेक, तेलाने रगडणं आणि दारू टाळा, सूज वाढते. वेदनाशामक गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच. गोळीमुळे दुखेनासं झालं की जास्त चालू नका.

हालचाल मात्र पहिल्या दिवसापासून. जागे असताना दर दीड-दोन तासांनी पायाची बोटं दहा-पंधरा वेळा आवळा-उघडा. गुडघा वाकवा-सरळ करा. मांडीचा स्नायू आवळून पाच सेकंद धरा. घोटा दुखत नाही तेवढाच वर-खाली करा, अगदी इंचभर का होईना. पाय टेकवता येत असेल तर काठीच्या आधाराने घरात चार पावलं टाका. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग सगळा भार त्याच पायावर कलतो.

दुखणं मोजायची पट्टी

इथून पुढे सगळं या पट्टीवर चालतं, म्हणून ती आधी समजून घ्या. दुखणं शून्य ते दहा असं मोजा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. चार-पाचच्या वर गेलं तर कमी करा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर पहिली चार पावलं टाकून बघा. दुखणं आणि सूज कालच्या सकाळइतकी किंवा कमी असेल तर काल केलं ते बरोबर होतं, आज थोडं वाढवा. जास्त असेल तर एक दिवस निम्म्यावर या.

मी फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला होता. तारीख, सकाळचं दुखणं, काय केलं, एवढेच तीन रकाने. आज जास्त केलं का, या भीतीने रात्री झोप लागत नसे, ती या कागदाने घालवली. थोडं दुखतंय म्हणजे काहीतरी फाटतंय, असं वाटणं साहजिक आहे. पण सकाळचा आकडा खाली येत असेल तर फाटत काही नाहीये.

तिसऱ्या दिवसापासून साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत: अंगठ्याने बाराखडी

खुर्चीवर बसा, पाय पुढे अधांतरी धरा आणि अंगठ्याने हवेत अक्षरं काढा. देवनागरी या कामाला फार उत्तम आहे. 'क' आणि 'ग' सोपे. 'ळ' काढताना घोटा दोन्ही बाजूंना पूर्ण वळतो, आणि 'ज्ञ' काढेपर्यंत तो चांगलाच ऊबदार होतो. एक हात नडगीवर ठेवा. नडगी हलत असेल तर अक्षर गुडघ्याने काढलं जातंय, घोटा आळशीच राहतोय. सुरुवातीला अक्षरं पेरूएवढी येतील. ती हळूहळू ताटाएवढी झाली पाहिजेत. दिवसातून तीनदा.

चालताना लंगडणं सोडायचा प्रयत्न आत्तापासूनच करा. आधी टाच, मग तळपाय, मग चवड्याने ढकलणं, हा क्रम सोडू नका. लंगडत वीस मिनिटं चालण्यापेक्षा नीट पाच मिनिटं चाललेलं जास्त उपयोगी. काठी हवी तर ठेवा, काठी घेऊन सरळ चालण्यात काही कमीपणा नाही.

याच काळात भिंतीची चाचणी सुरू करा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा. टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकत असेल तर पाऊल थोडं मागे घ्या आणि पुन्हा करा. टाच न उचलता गुडघा टेकतो अशा सगळ्यात लांबच्या जागी अंगठा आणि भिंत यांतलं अंतर पट्टीने मोजा. दोन्ही पायांचं मोजा. घोटा पुढे किती वाकतो याचं हे माप आहे, आणि आपल्याकडे उकिडवं बसण्याला, जमिनीवरून उठण्याला आणि जिना उतरण्याला हेच लागतं. पहिल्या दुखापतीत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. उजव्या पायाचा फरक चार सेंटिमीटर निघाला, तेव्हा उकिडवं का बसता येत नाही ते कळलं. फरक दोन सेंटिमीटरच्या आत आणायचं ध्येय ठेवा.

ताकद आणि तोल: स्वयंपाकघरातला ओटा पुरतो

दुखणं रोजच्या चालण्यात दोनच्या आसपास आलं की ताकदीकडे वळा. ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा सावकाश वर उचला, दोन सेकंद थांबा, आणि उचललं त्याच्या दुप्पट वेळ घेऊन खाली आणा. खाली येतानाही पोटरी काम करते. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. हे सहज जमलं की दोन्ही पायांवर वर जा आणि दुखऱ्या एकट्या पायावर खाली या. मग वर-खाली दोन्ही एकाच पायावर. चांगल्या पायाने जितक्या वेळा जमतं तितक्या वेळा दुखऱ्याने जमेपर्यंत हे सोडायचं नाही.

रबरी पट्टा नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टेबलाच्या पायाला बांधा, पावलात अडकवा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ओढा. याने घोट्याच्या बाहेरचे स्नायू तयार होतात. पुढच्या वेळी पाऊल आत वळायला लागलं की तेच ते सावरतात.

तोलासाठी वेगळा वेळ लागत नाही. सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहा. आधी बेसिनला हात लावून, मग हात सोडून, मग जाड उशीवर, आणि शेवटी डोळे मिटून. डोळे मिटल्यावर घोटा बारीक थरथरताना दिसेल. ही थरथर चांगली आहे, तंतू पुन्हा कामाला लागले आहेत. फक्त भिंत हाताशी असू द्या.

बाहेर पडायचं ते कुठे

सपाट आणि मऊ जमिनीपासून सुरुवात करा. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचा, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबचा, जॉगिंग ट्रॅक यासाठी मला सगळ्यात सोयीचा वाटला. थकलं की कुठेही थांबता येतं, रिक्षाही जवळ मिळते. दहा मिनिटांपासून सुरू करून रोज दोन-तीन मिनिटं वाढवली. रामकुंडाच्या घाटाच्या पायऱ्या आणि सोमेश्वर धबधब्याचे ओले खडक पहिले दीड-दोन महिने टाळाच.

चढण आधी, उतार नंतर. उतरताना घोट्यावर आणि मांडीवर जास्त भार येतो आणि चूक सावरायला वेळ कमी मिळतो. म्हणून वणीच्या गडावर जायचं असेल तर पायऱ्यांनी चढा आणि खाली येताना फ्युनिक्युलर ट्रॉलीने या. बहुतेक जण उलट करतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी लांब आणि चिखलाची असते. घोट्याला तीन महिने झाले नसतील तर ती पुढच्या वर्षावर टाका. नवस असला तरी, त्र्यंबकराजा समजून घेईल.

दुचाकीचं विचारणारे फार भेटतात. उजव्या पायाने ब्रेक कचकन दाबता येत नसेल, किंवा सिग्नलला गाडी एका पायावर पेलता येत नसेल, तर गाडी चालवू नका. डाव्या पायाने गिअर उचलतानाही घोट्यावर ताण येतो, हेही लक्षात घ्या.

धावायला कधी सुरुवात? दुखऱ्या पायावर दहा उड्या न दुखता मारता आल्या, आणि चांगल्या पायाच्या उडीच्या जवळपास लांब उडी पडली, की एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं असं सुरू करा. सौम्य मुरगळ एक ते तीन आठवड्यांत मार्गी लागते. मध्यम प्रकाराला सहा-आठ आठवडे लागतात. लिगामेंट पूर्ण फाटला असेल तर महिने मोजावे लागतात.

ज्यांना सुट्टी परवडत नाही त्यांच्यासाठी

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांत एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला जाणाऱ्या बायाबापड्यांना आराम सांगून उपयोग नसतो, खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्यांच्या मुकादमाला आणि बागायतदाराला माझी विनंती आहे. पहिला आठवडा बसून करायचं काम द्या, द्राक्षं निवडण्याचं किंवा पॅकिंगचं. मग सपाट जागेवर उभ्याचं. ढेकळांतून क्रेट उचलून नेण्याचं काम सगळ्यात शेवटी. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत उभ्याची शिफ्ट असेल तर डॉक्टरांकडून हलक्या कामाची चिठ्ठी मागून घ्या. दर तासाला दोन मिनिटं टाचा वर-खाली करा, सूज कमी राहते.

घोटा सोडून इतर दुखापती

मनगट मोडून प्लास्टर असेल तर हलवायचं आहे ते प्लास्टरच्या बाहेरचं सगळं. बोटं पूर्ण मिटा-उघडा, कोपर सरळ करा आणि दिवसातून चार-पाचदा हात डोक्यावर न्या. हात सहा आठवडे गळ्यातल्या झोळीतच राहिला की मनगट बरं होतं आणि खांदा आखडतो. माझ्या मावशीचं असंच झालं.

पाठीत उसण भरली तर फिनलंडमधल्या हेलसिंकीत झालेला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवा. तीव्र कंबरदुखीच्या रुग्णांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना झेपेल तशी रोजची कामं करायला सांगितलं. तिसरा गट सगळ्यात लवकर बरा झाला. मात्र पायात बळ नसणं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, हे उसणीचं लक्षण नव्हे. तसं झालं तर ताबडतोब रुग्णालयात जा.

पोटरीचा किंवा मांडीचा स्नायू ओढला गेला असेल तर पहिले काही दिवस तो ताणू नका. आधी न हलवता आवळून धरायचं, मग हलकी हालचाल, मग वजन.

फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर

पहिल्या दुखापतीनंतर मी एका ठिकाणी दहा दिवस गेले. तिथे रोज मशीनचा शेक आणि करंट मिळाला. बरं वाटायचं, पण घोटा होता तिथेच राहिला, कारण मी तिथेही पडूनच होते. आता मी पहिल्या भेटीतच विचारते: घरी कोणते व्यायाम, किती वेळा, आणि कधी वाढवायचे? कोणत्या खुणेवर थांबायचं? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळाली तर तिथे टिका. दोन आठवडे नियमाने करूनही भार टाकता येत नसेल, घोटा अडकत असेल किंवा सारखा दगा देत असेल, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

मध्येच कधी तरी एखादी सकाळ वाईट उगवेल. मला पाचव्या आठवड्यात, लग्नाच्या हॉलमध्ये चार तास उभं राहिल्यावर उगवली. आकडा एकवरून पाचवर गेला. मी दोन दिवस एक टप्पा मागे गेले: टाचा उचलणं बंद, बाराखडी आणि सपाट चालणं चालू. तिसऱ्या सकाळी आकडा दोनवर आला, तेव्हा पुन्हा ओट्याशी उभी राहिले. दात घासताना एका पायावर उभं राहणं मात्र अजून रोज चालू आहे, दोन्ही पायांवर आळीपाळीने.